मेसचा तेलाचा डबा, तूरडाळ आणि आयात शुल्क: साठ ताटांचं गणित कसं बसवायचं?

खानावळ६० (प्रश्न)

जुळे सोलापुरात विद्यार्थ्यांची मेस आहे. साठ ताटं, दोन्ही वेळ, महिन्याचे तीस दिवस. ताटाचा दर जूनमध्ये एकदा ठरला की वर्षभर तोच. किराण्याचा दर मात्र दिल्लीहून एक अधिसूचना निघाली की रात्रीत बदलतो.

सध्या महिन्याला लागणारं सामान असं: तेल सहा डबे (१५ किलोचे, त्या महिन्यात स्वस्त असेल ते, बहुतेक वेळा पामोलीन, म्हणजे पामतेलाचा पातळ भाग), तूरडाळ ४५ किलो, बाकीची कडधान्यं आणि बेसन मिळून १५ किलो, गहू ३०० किलो, तांदूळ २१० किलो. ज्वारी शून्य. सोलापुरात राहून ज्वारी शून्य, हे लिहायलाच लाज वाटते. पण रोज साठ जणांच्या भाकऱ्या थापायला बाई मिळत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. शुल्क वर-खाली झालं की मी तेल बदलतो. त्याने ताटात नेमका काय फरक पडतो? तूर महागली की वरण पातळ होतं, त्याऐवजी काय करावं? आणि ‘परदेशी तेल-डाळ बंद, सगळं गावचं घ्या’ असा सल्ला बरेच जण देतात, तो मेसच्या हिशोबात बसतो का? आकड्यांत उत्तर मिळालं तर बरं.

---

भुसारगल्ली

तेलापासून धरू, आयातीचा चटका पहिला तिथेच बसतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त तेल जहाजाने येतं, वर्षाला साधारण १६० लाख टन. पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सोया अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफूल रशिया-युक्रेनच्या बाजूचं. म्हणजे तुमच्या कढईतलं तेल अक्कलकोटच्या रानातलं नाही, त्याला आता बरीच वर्षं झाली.

शुल्काचं ताजं गणित लक्षात ठेवा. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरचं एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ वर गेलं आणि रिफाइंडवरचं १३.७५ वरून ३५.७५ वर. तेही ऐन सणासुदीच्या तोंडावर. मग ३१ मे २०२५ पासून कच्च्यावरचं १६.५ वर आणलं, रिफाइंडवरचं तसंच ठेवलं. शुल्क वाढलं की नवा दर दुसऱ्याच दिवशी लागतो. कमी झालं की ‘जुना माल संपू द्या’ असं ऐकायला मिळतं. ते अगदीच खोटं नसतं, जुन्या शुल्काने भरलेला साठा खरंच पडून असतो. पण वाढीच्या वेळी हाच जुना साठा कोणाला आठवत नाही, हेही खरं.

आता डब्याचं. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा हे दोन वेगळे माल आहेत. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम, म्हणून १५ लिटरच्या डब्यात १३.६५ किलोच असतं. सहा डब्यांना आठ किलोचा फरक. पिशव्यांचंही तेच, हल्ली ९१० ग्रॅमच्या जागी कमी वजनाच्या पिशव्या सर्रास येतात. दर नेहमी किलोवर काढायचा.

डब्यावर तेलाचं नाव वाचा. ‘ब्लेंडेड’ असेल तर कोणतं तेल किती टक्के, हे छापलेलंच असायला हवं आणि त्यावर ॲगमार्क हवा. सुटं तेल घेऊ नका, सुटं विकायला कायद्याने बंदी आहे. डिसेंबरच्या पहाटे सोया किंवा सूर्यफुलाचा डबा उघडून तळ बघा. पांढरट, दाटसर साका बसला असेल तर आत पामोलीन आहे असं समजायला हरकत नाही. शेंगतेलाला ही परीक्षा लावू नका, ते स्वतःच थंडीत गढूळ होतं.

आणि दीड महिन्याच्या वर तेल साठवू नका. भाव पडेल की चढेल हे बंदरावरच्यांनाही कळत नाही. २०२२ मध्ये इंडोनेशियाने २८ एप्रिलला पामतेलाची निर्यात बंद केली आणि २३ मे ला उघडली. मधल्या पंचवीस दिवसांत चढ्या भावाने डबे भरणाऱ्यांचे हाल झाले.

---

ताटमाप

आधी तुमच्याच आकड्यांना भागाकार लावते. सहा डबे म्हणजे ९० किलो, भागिले साठ जण, भागिले तीस दिवस: माणशी रोज ५० ग्रॅम तेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहार मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात २००० कॅलरीच्या ताटाला तेल-तूप २७ ग्रॅम धरलंय. डाळ-कडधान्यं ८५ ग्रॅम धरलीत, तुमची ६० किलो म्हणजे माणशी ३३ ग्रॅम. तेल जवळपास दुप्पट, डाळ निम्म्याहून कमी. तुमच्याच मेसचं असं नाही. स्वस्त आयात तेलाने शहरातल्या बहुतेक ताटांचं हेच केलंय. चव आणायची सगळ्यात स्वस्त वस्तू तेल झाली की डाळीचं काम तेलावर सोपवलं जातं. वरण पातळ आणि वर तर्री जाड.

कोणतं तेल हा प्रश्न त्याच्या नंतरचा, पण तोही आहे. पामोलीनमध्ये संपृक्त चरबी साधारण ४५ टक्के, शेंगतेलात १८-२०, सोयात १५, सूर्यफुलात ११ च्या आसपास, करडईत त्याहून कमी. संपृक्त चरबी एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत असावी म्हणतात, म्हणजे २००० कॅलरीला २२ ग्रॅम. ५० ग्रॅम पामोलीनमध्ये ती २२ ग्रॅम एकट्या तेलातच संपते. दूध, दाणे, सायंकाळची क्रीमची बिस्किटं अजून मोजायचीच आहेत. उलट २७ ग्रॅम सोयातेल असेल तर ४ ग्रॅम होते. त्यामुळे शुल्क बदललं म्हणून पाम-सोया अदलाबदल केली तर फरक पडतोच. पण ९० किलो सोया वापरून तुम्ही काही जिंकत नाही.

पामोलीन हे विष आहे असंही म्हणू नका. तळणीत ते टिकतं. करडई किंवा सोयातेलात वारंवार तळलं की ते लवकर बिघडतं, कारण त्यातली चरबी उष्णतेत ऑक्सिजनशी लवकर संयोग पावते. म्हणून दोन तेलं ठेवा: पुरी-भज्यांपुरतं थोडं पामोलीन, रोजच्या फोडणीला सोया किंवा शेंगतेल. तळणीचं उरलेलं तेल दोन दिवसांत फोडणीला संपवा आणि तीनपेक्षा जास्त वेळा तापवू नका. रंग काळपट झाला, बारीक फेस बसेना, धूर लवकर येऊ लागला की ते टाकायचं. नियमाने ध्रुवीय घटक (तेल बिघडेल तसे त्यात वाढतात ते) २५ टक्क्यांवर गेलेलं तेल वापरता येत नाही, पण ते मोजायचं यंत्र मेसमध्ये कोण ठेवणार.

तेल कमी करायची जागा सोलापुरी भाजीतच आहे. आपण भाजीत शेंगदाण्याचं कूट घालतो. दाण्यात तेल जवळपास ४० टक्के असतं. दोन किलो कूट घातलं की आठशे ग्रॅम तेल भांड्यात गेलंच. तरी फोडणी नेहमीच्याच पळीने पडते. कूट घालाल त्या दिवशी फोडणीचं तेल निम्मं करा. काळं तिखट वरून कच्च्या तेलात सोडायची सवय असेल तर ती बंद करून तिखट कुटासोबत पाण्यात कालवून घाला. रंग तोच येतो, वर तेलाचा थर येत नाही, आणि सुरुवातीला आठवडाभर ‘आज तर्री नाय का’ हे ऐकून घ्यावं लागतं.

---

कोरडवाहू

ज्वारीबद्दल लिहितो, कारण या धाग्यातली सगळ्यात मोठी बचत तिच्यात आहे आणि ती पैशांची नाही, स्थिरतेची आहे.

जगाच्या बाजारात ज्वारी फिरते, पण ती जनावरांच्या खाद्याला आणि चीनमध्ये दारू गाळायला. भाकरीची मालदांडी त्या बाजारात नाही. म्हणून मंगळवेढा-बार्शीच्या मालदांडीचा भाव हस्ताच्या पावसावर हलतो, जकार्ता किंवा मॉस्कोच्या निर्णयावर नाही. तुमच्या यादीत तेल आणि डाळ, दोन्ही जहाजाच्या तालावर नाचणाऱ्या वस्तू. तिसरी एखादी वस्तू वेगळ्या कारणाने वर-खाली होणारी असेल तर सगळं एकाच महिन्यात अंगावर येत नाही.

बाहेरची ज्वारी ताटात येऊन गेलेली आहे. ७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकन लाल मिलो जुन्या लोकांना अजून आठवते, आणि कौतुकाने नाही. मालदांडीची गोडी आणि पिठाला धरून राहण्याचा गुण तिच्यात नव्हता.

पोषणाचा हिशोब, दर १०० ग्रॅमला: ज्वारीत प्रथिनं १० ग्रॅम, तंतू १० ग्रॅम, लोह ४ मिलिग्रॅमच्या जवळ. गव्हाच्या चाळण न केलेल्या पिठातही जवळपास तेवढंच, त्यामुळे पोळीऐवजी भाकरी खाल्ली की चमत्कार होतो असं नाही. फरक पडतो तो पॉलिशच्या तांदळाशी आणि मैद्याशी: दोन्हींत तंतू ३ ग्रॅमच्या आत, आणि तांदळात लोह ०.६५ मिलिग्रॅम. म्हणून ज्वारी घालताना गहू नाही, रात्रीचा भात कमी करा.

खरेदीचं. हंगाम फेब्रुवारी-मार्चचा, त्या वेळी सहा महिन्यांची घेतलेली बरी. मालदांडी, दगडी, दूध मोगरा अशी नावं ऐकायला येतील. दाणा मोत्यासारखा, टपोरा, दातात टणक तुटणारा बघा. खरिपातली संकरित ज्वारी पावसात भिजून काळी पडलेली असते, ती स्वस्त मिळते पण माणसाच्या ताटात नको. २०२५-२६ चा हमीभाव संकरितला ३,६९९ आणि मालदांडीला ३,७४९ रुपये क्विंटल होता, म्हणजे सरकारी कागदावर फरक फक्त पन्नास रुपयांचा. बाजारात चांगली मालदांडी त्याच्या कितीतरी वर जाते. शेतकरी ती लावतो ती निम्मी कडब्यासाठी. ज्या वर्षी कडब्याला भाव नाही, त्याच्या पुढच्या वर्षी पेरा घटतो. ज्वारीचा भाव ओळखायचा असेल तर वैरणीचा बाजार बघत जा.

भाकरी थापायचा प्रश्न कडक भाकरीने सोडवा. शहरात आणि आसपासच्या गावांत बचत गट कडक भाकरी करून विकतात. पाण्याचा अंश गेलेला असल्याने हवाबंद डब्यात ती आठवडेच्या आठवडे राहते, मेसमध्ये फक्त वाढायचं काम. नगावर न घेता किलोवर घ्या. पातळ लाटलेली आणि जाड थापलेली यांच्या वजनात मोठा फरक असतो. आमटीत कुस्करून किंवा दही-शेंगाचटणीबरोबर पोरं खातात. हवा दमट असली की नरम पडते, तेव्हा तव्यावर दोन मिनिटं टाकली की पुन्हा कडक.

करडईच्या तेलाचं कोणीतरी विचारणारच. तेल उत्तम, पण पेरा इतका कमी झालाय की घाण्याचं तेल साठ ताटांना परवडणार नाही. काटेरी पीक, काढायला मजूर नाही, आणि समोर स्वस्त आयात तेल. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, तेव्हा शुल्क ६५ टक्के होतं. चार वर्षांत ते १५ वर आलं. त्याच्या आधी काही वर्षं देश तेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला होता. सूर्यफूल आणि करडई आपल्या रानातून गेली त्याची सुरुवात तिथून धरायला हरकत नाही. हिवाळ्यात करडईची कोवळी भाजी तरी घ्या, ती अजून मिळते आणि स्वस्त असते.

---

खानावळ६०

५० ग्रॅमचा आकडा बघून धक्काच बसला. दोन शंका. बेसनात वाटाणा असतो म्हणतात, तो ओळखायचा कसा आणि त्याने नुकसान होतं का? आणि तुरीचं काय करायचं ते अजून कोणी सांगितलं नाही.

---

भुसारगल्ली

वाटाण्याचं सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्यावरचं शुल्क काढलं, मग मुदत वाढत वाढत गेली आणि कॅनडा-रशियाचा वाटाणा बंदरावर ओतला. २०२४-२५ मध्ये सगळी मिळून डाळींची आयात ७० लाख टनांच्या वर गेली, आजवरची सर्वात जास्त, आणि त्यात मोठा वाटा वाटाण्याचा. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के लावलेत. वाटाणा हरभऱ्यापेक्षा स्वस्त पडतो तोपर्यंत बेसनात जाणारच.

नियमाने ‘बेसन’ म्हणजे फक्त हरभरा डाळीचं पीठ. वाटाण्याचं पीठ विकायला बंदी नाही, पण पिशवीवर तसं लिहिलं पाहिजे. प्रथिनात फार फरक नाही, वाटाण्याने कोणी आजारी पडत नाही. तुमची फसवणूक होते ती पैशांची. पिठलं करून बघा: वाटाण्याच्या पिठाला कच्चा, हिरवट वास राहतो. शंका नको असेल तर हरभरा डाळ घेऊन गिरणीत दळून आणा, महिन्याला दहा-बारा किलोचा तर प्रश्न.

खरं जपायचं ते लाखोळीच्या (लाखेच्या डाळीच्या) भेसळीपासून. तूर चढली की तूरडाळीत लाखोळी मिसळायचा मोह होतो, आणि ती रोज, खूप दिवस खाल्ली तर पायाचा लुळेपणा येऊ शकतो. तुरीची डाळ गोलसर, बशीसारखी; लाखोळीची चौकोनी, तिरकी, कुऱ्हाडीच्या पात्यासारखी. मूठभर डाळ ताटात पसरून दोन मिनिटं बघायची, प्रत्येक पोत्याची.

तुरीत परदेशी माल भरपूर आहे. म्यानमारची ‘लेमन’, आफ्रिकेची ‘अरुशा’, ‘मतवारा’, ‘गजरी’, ही नावं अडतीवर रोज ऐकू येतात. मोझांबिक, मलावी आणि म्यानमारशी सरकारने करारच केलेत. दाण्याचा आकार आणि डाळीचा उतारा वेगळा असतो, पोषण सारखंच. गुलबर्ग्याच्या तुरीची चव वेगळी, हे मान्य, पण मेसच्या वरणात चिंच-गूळ-फोडणीनंतर ती कोण ओळखणार? आयात तुरीला नाक मुरडू नका. ती नसती तर २०२४ मध्ये जो भाव बघितला, तो दरवर्षी बघावा लागला असता.

---

सातबारा_ते_बंदर

‘सगळं गावचं घ्या’ यावर. भुसारगल्ली म्हणतात त्यात निम्मं पटतं, निम्मं नाही.

पटतं ते असं: डाळींची आयात बंद केली तर शेतकऱ्याला एक-दोन हंगाम भाव मिळेल, पण मेसमधलं वरण अजून पातळ होईल. कॅनडा-ऑस्ट्रेलियाचा मसूर हे गेल्या काही वर्षांतलं परवडणारं प्रथिन आहे. व्यापाराने ताट सुधारल्याचं उदाहरण द्यायचं तर मी मसुराचंच देईन.

पटत नाही ते असं: शुल्क ठरवताना आरोग्य कोणी धरतच नाही. तिथे दोनच काटे असतात, महागाई आणि शेतकऱ्याचा भाव. कोणत्या तेलावर किती शुल्क लावता येईल याची वरची मर्यादा जागतिक व्यापार संघटनेत बांधलेली आहे: पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत, सोयातेलावर फक्त ४५. २०१८ मध्ये कच्च्या पामवर ४४ आणि रिफाइंडवर ५४ टक्के लावलं गेलं. सोयावर ५४ लावताच आलं नसतं. त्यात दक्षिण आशियाई करारामुळे नेपाळमार्गे शून्य शुल्काने तेल येतं, म्हणजे दार बंद केलं तरी खिडकी उघडी. २०२४ च्या अखेरीला उलटंच झालं: इंडोनेशिया पामतेल डिझेलमध्ये जास्त मिसळायच्या तयारीला लागली, पाम सोयापेक्षा महाग झालं आणि २०२४-२५ च्या तेलवर्षात (नोव्हेंबर ते ऑक्टोबर) सोयाची आयात विक्रमी झाली. देशाच्या ताटातली संपृक्त चरबी त्या वर्षी थोडी घटली असेल तर त्याचं श्रेय आरोग्य खात्याला नाही, तिथल्या डिझेल धोरणाला.

आरोग्याच्या कारणाने आयात अडवणं किती अवघड, हे सामोआने दाखवलं. चरबीने भरलेल्या टर्कीच्या शेपट्या तिथे स्वस्तात येत. २००७ मध्ये सरकारने बंदी घातली. मग २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत शिरताना ती बंदी उठवायचं कबूल करावं लागलं, त्या जागी काही काळ जबर शुल्क ठेवून.

आपल्याकडे जो भाग हातात आहे तो देशातल्या नियमांचा, आणि तो चालतो. तेल-तुपातल्या ट्रान्स चरबीची मर्यादा ३ टक्के (जानेवारी २०२१) आणि मग २ टक्के (जानेवारी २०२२) झाली. वनस्पती तुपाचा जुना धोका त्याने बराच कमी झाला. पण त्या जागी बेकरीत पाममधली संपृक्त चरबी आली, म्हणून खारी-टोस्टच्या पाकिटामागे ‘पाम’ शब्द शोधायची सवय ठेवा.

निर्यातीची बाजूही मेसच्या कामाची आहे. करमाळा-कंदर भागातून केळी आखातात जातात, सांगोला-पंढरपूरकडून डाळिंब युरोपात. पॅकहाऊसमध्ये लांबी-जाडी-डागावर माल बाजूला पडतो, तो इथेच विकतात. लहान केळं आणि डागी डाळिंब यांच्या आतल्या पोषणात फरक नसतो. फक्त तडकलेलं किंवा तेल्या रोगाचे काळे, चिरलेले डाग असलेलं डाळिंब घेऊ नका, आत सड असते.

दाण्याच्या बाबतीत उलटी काळजी. युरोपात खाण्यासाठी तयार शेंगदाण्याला एकूण अफ्लाटॉक्सिनची (बुरशीच्या विषाची) मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅम आहे, आपली याहून सैल. चांगला माल बाहेर, राहिलेला इथे, असं होऊ शकतं. शेंगाचटणीचे दाणे निवडूनच भाजा: सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे, कडवट दाणे काढून टाका. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही.

---

ताटमाप

तुरीचं उत्तर आणि एकूण हिशोब एकत्र देते.

डाळ ३३ वरून ६० ग्रॅमवर न्या, ८५ चा हट्ट पहिल्या वर्षी नको. महिन्याला १०८ किलो: तूर ४०, मसूर २०, मूग-मटकी-चवळी मिळून २५, हरभरा आणि त्याचं बेसन १५, हुलगे ८. तूर महागली की वरणात तूर-मसूर ७०:३० करा. मसूर आधी शिजतो, म्हणून कुकरमध्ये एकत्र लावताना तूर अर्धा तास भिजवून घ्या, नाहीतर मसुराची लापशी आणि तुरीचे दाणे असं होतं. मसुराने रंग जरा मळतो, हळद थोडी वाढवा. पाणी वाढवून वरण पुरवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

हुलगे विसरू नका. प्रथिनं २१-२२ टक्के, कॅल्शियम १०० ग्रॅमला २६९ मिलिग्रॅम, लोह ८ च्या वर, आणि परदेशी बाजाराशी संबंध जवळजवळ नाही. रात्रभर, दहा-बारा तास भिजवून पाणी फेका आणि मगच कुकरला लावा. हुलग्याच्या पिठाचं माडगं पोरांना आवडेलच असं नाही, पण हुलग्याची उसळ काळ्या तिखटात चालते.

पैसे कुठून? तेल सहा डब्यांवरून पहिल्या महिन्यात साडेचार, पुढे साडेतीन. साडेतीन डबे म्हणजे माणशी २९ ग्रॅम, महिन्याला ३७ किलोहून जास्त तेल वाचलं. वाढलेली डाळ ४८ किलो, आणि वर दिलेल्या मिश्रणाचा सरासरी दर बहुतेक महिन्यांत तेलाच्या दरापेक्षा कमी बसतो. म्हणजे डाळीचा बहुतेक खर्च तेलातून निघतो.

प्रथिनाचा ताळा: धान्य २८० ग्रॅमचे साधारण २६ ग्रॅम, डाळ ६० ग्रॅमचे १३. ६५ किलोच्या मुलाला ५४ लागतात, ५५ किलोच्या मुलीला ४६. उरलेलं वाटीभर दही, २० ग्रॅम शेंगाचटणी (साडेचार ग्रॅम प्रथिनं, पण आठ ग्रॅम तेलही, ते मोजा) आणि बाहेर घेतील ते दूध-अंडं.

डाळ-ज्वारीतलं लोह अंगी लागायला क सत्त्व जेवणासोबतच हवं. लिंबाची फोड रोज. फळ द्यायचं तर पेरू: १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या वर क सत्त्व, सफरचंदात ४ सुद्धा नाही. बाहेरून येणारं सफरचंद आजाऱ्याला न्यायची रीत पडलीये म्हणून त्याला भाव आहे, बाकी काही नाही. ओट्सचंही कोणी विचारेल. त्यातला बीटा-ग्लुकन हा तंतू कोलेस्टेरॉल कमी करायला उपयोगी आहे, ज्वारीत तो फारसा नाही. पण साठ जणांच्या नाश्त्याला त्याची गरज नाही.

---

खानावळ६०

तेल उद्यापासून तोलून काढतो. पहिल्या महिन्यात ज्वारी किती घेऊ? आठवड्यातून दोन रात्री कडक भाकरी बाहेरून, आणि थापणारी बाई मिळाली तर मऊ भाकरी वेगळी.

---

कोरडवाहू

मऊ भाकरी आठवड्यातून दोन रात्री धरली तर साठ जण, माणशी ८० ग्रॅम पीठ, महिन्याच्या आठ रात्री: ३८ किलो. चाळीस किलो ज्वारी आणा, पण दळण एकदम टाकू नका. दर आठवड्याला दहा-दहा किलो. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते, भाकरी थापताना कडा चिरतात आणि परातीतून उचलताना तुटते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यात अंकुरातलं तेल खवट होऊन चवही कडवट लागते. तरी पीठ जुनं निघालंच तर उकळतं पाणी घालून उकड काढल्यासारखं मळा, स्टार्च फुलून पीठ धरतं. गिरणीवाल्याला आधी गहू दळून मग ज्वारी टाकू नको म्हणून सांगा, आणि पीठ गरम असताना डब्यात कोंबू नका, वाफ धरून गोळे होतात.